वैयक्तिक कारणास्तव

ग्रामीण रुग्णालयाचा अधीक्षक म्हणून चार्ज घेतला त्या आठवड्यात क्लार्कनं सह्यांसाठी जो ढीग आणून ठेवला, त्याच्या तळाशी एक जुनी नस्ती निघाली. वर जाड अक्षरात ‘राजीनामे व कार्यमुक्ती’. तिच्यावर माझी कसलीच सही नको होती. तरी ओपीडी उरकल्यावर मी ती उघडून बसलो. बारा-तेरा वर्षांतले २१ राजीनामे. बॉण्डवर आलेले एमबीबीएस, दोन भूलतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, एक स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम. कुणाचा कागद आखीव, कुणाचा कोरा, एकानं तर केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला. मजकूर मात्र सगळ्यांचा एकच : ‘मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तरी तो मंजूर व्हावा ही विनंती.’

यातल्या सात-आठ जणांबरोबर मी याच इमारतीत एमओ (वैद्यकीय अधिकारी) म्हणून ड्यूट्या केल्या आहेत. त्यांची कारणं मला ठाऊक आहेत. एकाची आई अंथरुणाला खिळली होती, ते खरंच वैयक्तिक. बाकीच्यांची कारणं याच खुर्चीत बसायची, जिच्यात बसून मी ती नस्ती चाळत होतो.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर का टिकत नाहीत, याची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. बाहेर पैसा जास्त, गावात शाळा नाही, क्वार्टर गळतं, जोडीदाराला नोकरी नाही. खोटं काहीच नाही. माझ्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पावसाळाभर तीन पातेली मांडलेली असायची. पण आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यानं एक वर्ष शासकीय सेवा द्यायची, नाहीतर १० लाख भरायचे, असा बॉण्ड आहे. त्यामुळे पोरं येतात. कुरकुरत येतात, पण येतात. प्रश्न असतो तो ३६६ व्या दिवशीचा. आणि त्याचं उत्तर मी एकाच इमारतीत दोन तऱ्हांनी पाहिलं. पगार तोच, क्वार्टर तेच, पातेलीसुद्धा तीच. एका अधीक्षकाच्या काळात बॉण्ड संपलेले तिघं थांबले, आणि पुढच्याच्या १४ महिन्यांत चौघं गेले.

पहिल्यांना आम्ही ‘मोठे सर’ म्हणायचो. उंचीनं बेताचे, आवाज मात्र ओपीडीतून थेट लेबर रूमपर्यंत जायचा. राउंडला सगळ्यांदेखत बोलायचे. मी रुजू होऊन तीन दिवस झाले होते, एका केसपेपरवर मी तपासल्याची वेळ लिहिली नव्हती. तो कागद माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले, ‘डॉक्टर, उद्या कोर्टात विचारतील किती वाजता पाहिलंस. काय सांगशील? चहाच्या वेळेला?’ सिस्टर हसल्या. वॉर्डातले मामा हसले. पेशंटही हसला. त्या रात्री मी ठरवलं की वर्ष काढायचं आणि पळायचं.

पंधरा दिवसांनी विहिरीतून काढलेलं प्रेत आलं. एप्रिल महिना, तीन दिवस पाण्यात. आमचं पीएमघर म्हणजे आवाराच्या टोकाला बाभळीखाली एक पत्र्याची खोली. दुपार असूनही आत अंधार, कारण बल्ब उडालेला. कॉलेजात शवविच्छेदन पाहिलं होतं ते पंधरा जणांच्या मागे टाचा उंचावून. पोलिसानं दिलेला पंचनामा हातात धरून मी दाराशीच घुटमळत होतो. मोठे सर स्कूटरवरून आले. रुमालावर निलगिरीचे चार थेंब टाकून तो माझ्या हातात दिला, स्वतः टॉर्च धरली आणि दीड तास उभे राहिले. शिकवण्याचा एक शब्द नाही. नुसतं ‘हां’, ‘पुढे’, ‘फुफ्फुस बघ’, ‘घाई नको’. मधे एकदा मी बाहेर जाऊन उलटी करून आलो, तेव्हा टॉर्च तशीच धरलेली होती. नंतर नळावर हात धुताना म्हणाले, ‘पुढचं तू एकटा करशील. आणि हो, वेळ लिही.’

त्यांच्या ड्यूटी-लिस्टमध्ये त्यांचं स्वतःचं नाव असायचं. अधीक्षकानं नाइट करू नये असा काही नियम नाही, रूढी मात्र आहे. ते महिन्याला चार रात्री घ्यायचे, त्यातली एक न चुकता सणाची. आम्ही तिघं एमओ. त्यांच्या त्या चार रात्रींमुळे आम्हाला नाइटनंतरची सकाळ झोपायला मिळायची. नाहीतर २४ तास काढून पुन्हा नऊ वाजता ओपीडी, आणि बाजारच्या दिवशी बाहेर दीडशेची रांग. मी दुसऱ्या गावी असं सलग केलेलं आहे. तेव्हा तिसऱ्या दिवशी पेशंटचं बोलणं कानाला पोचतं, डोक्यापर्यंत जात नाही.

नव्या माणसाचा पगार निघायला सेवार्थ आयडी लागतो. तो कुठल्या टेबलावर अडकेल हे ब्रह्मदेवाला ठाऊक. माझ्या बॅचचे काहीजण चार-चार महिने घरून पैसे मागवत होते. डॉक्टर झालेल्या मुलानं बापाला मेसच्या पैशांसाठी फोन करायचा, यात काय जातं ते ज्याचं त्याला माहीत. मोठे सर जिल्ह्याच्या मीटिंगला जाताना आमचे कागद स्वतःच्या बॅगेत घालून न्यायचे आणि त्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायचे. माझा पहिला पगार दुसऱ्याच महिन्यात झाला. त्याबद्दल आभार मानायला गेलो तर म्हणाले, ‘त्यात काय, तुझाच आहे.’

आणि मग ती रात्र. घोणस चावलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. आधीचे दोन तास मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेले. आल्या आल्या एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० वायल लावल्या, पण हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, लघवी लाल. १०८ ला फोन केला. गाडी आवारात शिरायच्या आत तो गेला. पाऊण तासात पन्नास-साठ माणसं जमली. कॅज्युअल्टीची काच फुटली आणि सिस्टरनं मला औषधांच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. आतून मला फक्त आवाज ऐकू येत होता. मोठे सर क्वार्टरमधून बनियन-लुंगीवर धावत आले होते. ‘डॉक्टर आत आहे आणि तो बाहेर येणार नाही. काय विचारायचं ते मला विचारा. दवाखाना माझा आहे.’

दोन थपडा बसल्या, चष्मा गेला. सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद त्यांनी स्वतःच्या नावानं दिली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी आपल्या राज्यात २०१० पासून वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. पण फिर्याद द्यायला कुणीतरी बाकावर चार तास बसावं लागतं, आणि पुढे तारखांना जावं लागतं. एका वर्षाच्या बॉण्डवर आलेलं पोर ते करत नाही. ते बॅग भरतं. त्याच दुपारी, तुटलेला चष्मा दोऱ्यानं बांधून, मोठे सर मला ओरडले. रात्री वापरलेल्या एएसव्हीची नोंद मी रजिस्टरला केली नव्हती. पुढच्या वर्षी मी कायमच्या भरतीचा अर्ज भरला.

त्यांची आरती करायची नाही मला. एक सिस्टर त्यांच्या बोलण्याला कंटाळून बदली मागून गेल्या, आणि त्या सिस्टरचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आजच्या मुलांना तसं ओरडून घेणं चालणार नाही. चालूही नये.

त्यांच्यानंतर आले ते ‘प्रभारी’. आपल्या खात्यात हा शब्द तणासारखा पसरलाय. मूळ नेमणूक एकीकडे, चार्ज दुसरीकडे, आणि सही करायला आठवड्यातून तीन दिवस तिसरीकडे. हे सर आवाज कधी चढवायचे नाहीत. एमओलासुद्धा ‘आपण’ म्हणायचे, चहा मागवायचे, सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘बघू. वर विचारून सांगतो.’ नेतृत्वाच्या पुस्तकात यांना मोठ्या सरांपेक्षा नक्की जास्त मार्क मिळतील.

आमच्या भूलतज्ज्ञाच्या लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालताना घशात बघायच्या उपकरणाचा, बल्ब गेला. वस्तू बोटाच्या पेराएवढी, किंमत काही शे रुपये. त्याच्याशिवाय सिझरला भूल देणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात पैसे पडून होते, आणि ते असल्याच कामासाठी असतात. प्रभारी सरांनी अर्जावर हिरव्या शाईत शेरा मारला : ‘नियमानुसार मागणी वरिष्ठ कार्यालयास सादर करावी.’ मागणी गेली. दोन महिने झाले. भूलतज्ज्ञानं आपल्या खिशातून बल्ब आणला. पुढे तोही गेला, तेव्हा त्यानं बल्ब न आणता राजीनामा आणला. तो नस्तीत नवव्या क्रमांकावर आहे. वैयक्तिक कारणास्तव.

तेव्हा आम्ही त्यांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. मला बाकीची गोष्ट फार उशिरा कळली, त्यांच्या निवृत्तीनंतर. ऐन तारुण्यात, दुसऱ्या एका जिल्ह्यात, गॅस्ट्रोच्या साथीत त्यांनी सलाइनच्या बाटल्या स्थानिक खरेदीनं उचलल्या होत्या. तीन कोटेशनं मागवत बसायला वेळ नव्हता, व्हरांड्यात माणसं झोपलेली होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, मग विभागीय चौकशी, ती चालली सहा वर्षं. निर्दोष सुटले. बढती मात्र गेली ती गेलीच. काही न केल्याबद्दल आपल्याकडे कुणाची चौकशी लागत नाही, हे त्या सहा वर्षांत त्यांच्या हाडात मुरलं असणार. बल्बच्या अर्जावर सही करताना त्यांना समोर आमचा भूलतज्ज्ञ दिसतच नव्हता. त्यांना त्या सलाइनच्या बाटल्या दिसत होत्या.

ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकाच्या हातात तसं असतं काय? डॉक्टरची नेमणूक त्याच्या हातात नाही, पगार नाही, बदली नाही. आषाढीला एमओ पंढरपूरच्या बंदोबस्ताला पाठवा म्हटलं की पाठवायचा, मंत्र्यांच्या ताफ्याला ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर द्या म्हटलं की द्यायचा, मागे ओपीडीत कोण बसतंय हे कुणी विचारत नाही. हातात उरते ती ड्यूटी-लिस्ट, किरकोळ रजेच्या अर्जावरची सही, समितीचे थोडे पैसे आणि गोपनीय अहवालातला एक शेरा. आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्या शासन निर्णयात लिहिलेली नाही : वरून विचारणा झाली की पहिलं वाक्य अधीक्षकानं बोलायचं असतं. ते वाक्य ऐकायला खालची सगळी माणसं कान टवकारून असतात.

६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, आणि तीन दिवसांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका यांना अटक झाली. मी तेव्हा एका उपजिल्हा रुग्णालयात होतो. अटकेची बातमी आली त्या संध्याकाळी आमच्याकडची बॉण्डवरची दोन मुलं आयसीयूच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड मोजत होती. मी विचारलं काय करताय, तर एकजण म्हणाला, ‘सर, आग लागली तर अटक ड्यूटीवाल्याला होते ना? मग ड्यूटीवाल्यानंच बघून ठेवलेलं बरं.’ मला हसू आलं नाही. दोघांपैकी कुणीच पुढे खात्यात राहिलं नाही.

आणि ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. सगळा महाराष्ट्र हादरला, हादरायलाच हवा होता. पण पाहणीला आलेल्या खासदारांनी तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, तो व्हिडिओ घराघरांत गेला. खासदारांवर गुन्हाही नोंदला गेला. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. त्या व्हिडिओत मागे उभे असलेले लोक. त्यांत शिकाऊ डॉक्टर किती होते ते मला माहीत नाही, मोबाईलवर तो पाहणारे मात्र हजारो असणार. ज्या खुर्चीनं उद्या आपल्या बाजूनं बोलायचं, तिचीच काय किंमत आहे, हे त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं.

मध्यंतरी आम्हा अधीक्षकांचं नेतृत्वविकासाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. वातानुकूलित हॉल, दोन वेळचं जेवण, पडद्यावर चार चौकोन : हुकूमशाही, सहभागी, व्यवहारी, ‘चालू द्या’. एक प्रश्नपत्रिका सोडवायची आणि आपला चौकोन शोधायचा. माझी शैली ‘सहभागी’ निघाली. प्रमाणपत्र मी खुर्चीच्या मागे भिंतीला लावलं. वाकडं लागलंय, पण आहे.

त्याच भिंतीसमोर घडलेली गोष्ट आता सांगायला हवी. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलो.

बॉण्डवर एक मॅडम आल्या होत्या. बाळंतपणात हात उत्तम, पेशंटशी बोलणं मऊ. वर्ष संपलं तरी थांबल्या. मी चारचौघांत सांगत फिरायचो की माझ्याकडचा डॉक्टर जात नाही. त्यांना केसपेपरवर वेळ लिहायची सवय मी लावली होती, न ओरडता. नाइट मात्र मी घेत नव्हतो. पाठ दुखते, असं कारण होतं, आणि पाठ दुखतेच.

एका पहाटे अडीचला बाळंत झालेल्या बाईला रक्तस्राव सुरू झाला. मॅडमनी ऑक्सिटोसिन दिलं, मिसोप्रोस्टॉल दिलं, गर्भाशयात कंडोमचा फुगा करून भरला, सगळं पुस्तकात आहे तसं. रक्त मात्र नव्हतं. आमचं रक्तसाठवणूक केंद्र अहवालात चालू होतं आणि त्याचा फ्रिज तीन महिने बंद होता. मी वर दोन पत्रं पाठवली होती. बाईला जिल्ह्याला रेफर केलं. ५५ किलोमीटर. वाटेतल्या घाटात ती गेली. बाळ आहे.

तिसऱ्या दिवशी व्हीसी, म्हणजे वरिष्ठांबरोबरची व्हिडिओ कॉन्फरन्स. मातामृत्यूची व्हीसी ज्यानं पाहिलीय त्याला पुढचं सांगायला नको. पडद्यावर वीस-बावीस चौकटी, सगळ्यांचे माईक बंद. वरून प्रश्न आला, ‘रेफर करण्यात विलंब का झाला? अधीक्षक, आपलं म्हणणं?’ फ्रिजच्या दोन्ही पत्रांच्या स्थळप्रती माझ्या समोर टेबलावर होत्या, जावक क्रमांकासकट. त्या मीच काढून ठेवल्या होत्या. मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीत, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसलेल्या. मी माईक सुरू केला आणि म्हणालो, ‘सर, संबंधित वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तात्काळ खुलासा मागवतो.’

संबंधित. वीतभर अंतरावर बसल्या होत्या त्या.

माईक बंद करून मी काहीतरी बोलायला वळलो, तर खुर्ची रिकामी होती. त्या वॉर्डात गेल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी ओपीडी पुरी केली. संध्याकाळी ‘२४ तासांत खुलासा सादर करावा’ या कागदावर मी सही केली, त्यांनी पोच दिली, दुसऱ्या दिवशी एका पानाचा खुलासा आला. त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. क्लार्क म्हणाला, ‘साहेब, वाचलो.’

दहा-बारा दिवसांनी राजीनामा घेऊन आल्या. पाच ओळींचा. चौथी ओळ अशी : ‘त्या दिवशी फ्रिज बंद असल्याचे कोणीही बोलले नाही, त्यामुळे मला येथे रात्रीची ड्यूटी करणे सुरक्षित वाटत नाही.’ मी दोनदा वाचलं. मग माझ्या तोंडून जे निघालं ते प्रभारी सरांच्या आवाजात निघालं, तितक्याच मऊपणानं. ‘मॅडम, कारण जरा बदलून आणा. असं वर पाठवता येत नाही. तुमच्याच पुढच्या रेकॉर्डला बरं नाही.’

‘बरं, सर,’ म्हणाल्या. बसल्या नाहीत. माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, माझंच पेन घेतलं आणि उभ्यानंच लिहिलं.

फ्रिज पुढच्या महिन्यात दुरुस्त झाला. नस्तीत आता २२ कागद आहेत. पाच ओळींचा तो पहिला कागद मी क्लार्कला दाखवला नाही. तो माझ्या ड्रॉवरमध्ये, फ्रिजच्या पत्रांच्या स्थळप्रतींखाली आहे. मोठ्या सरांचा फोन अधूनमधून येतो, ‘कोण कोण आहे रे सध्या तुझ्याकडे?’ असं विचारतात. मी नावं सांगतो. हे नाव अजून वगळून सांगितलेलं नाही.

बाविसावा कागद मात्र बाकीच्यांपेक्षा थोडा वेगळा दिसतो. मजकूर तोच, वैयक्तिक कारणास्तव. पण वर उजव्या कोपऱ्यात तारखेपुढे त्यांनी वेळही घातलीय : दुपारी ४.२०.